झाकणाच्या आत

सायकलच्या बाटलीचं झाकण फिरवून काढावं, उलटं धरावं आणि मधली ओढून उघडायची तोटी चिमटीत धरून पार बाहेर खेचावी. पुष्कळ झाकणांतली तोटी अशी निघते. जरा जोर लावावा लागतो, एवढंच. रोजच्या वापरातल्या बाटलीची तोटी पहिल्यांदाच निघत असेल, तर तिच्या बुडाशी तपकिरी-काळपट वलय दिसतं. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं, हुंगलं तर कुबट वास येतो. झाकणाच्या आट्यांमध्येही तसाच थर साचलेला असतो. तोटीखाली सिलिकॉनची चिरेची चकती असेल, तर तिच्या मागच्या बाजूला बुरशीचे बारीक काळे ठिपके पडलेले असतात. बाटलीचं पोट मात्र स्वच्छ दिसतं, कारण ते रोज विसळलं जातं आणि डोळ्यांना दिसतं. पाण्याचा प्रत्येक घोट मात्र या न दिसणाऱ्या भागातूनच तोंडात येतो. बाटली साफ कशी ठेवायची, असं विचारलं की उत्तरं मिळतात ती औषधांची: व्हिनेगर घाला, सोडा घाला, ब्लीच घाला, फ्रीजरमध्ये ठेवा. माझं म्हणणं असं, की ही औषधं दुय्यम आहेत. बाटली स्वच्छ राहते ती तीन गोष्टींनी: झाकण सुटं करून घासणं, राइड संपल्यावर लगेच घासणं आणि पूर्ण वाळवणं. यांतली एक जरी सुटली, तरी कपाटातलं कुठलंही रसायन तिची जागा घेऊ शकत नाही.

याचं कारण त्या बुळबुळीच्या रचनेत आहे. पाण्यात मोकळे तरंगणारे जिवाणू एखाद्या पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात. त्यात शर्करेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, मेलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला डीएनए असतो. या द्रव्यात हजारो-लाखो पेशी एकत्र राहतात, अन्न साठवतात, एकमेकींना आडोसा देतात. शास्त्रज्ञ याला बायोफिल्म म्हणतात. १९७८ साली विल्यम कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जिवाणू कसे चिकटतात यावर लेख लिहिला आणि या विषयाकडे गंभीरपणे पाहिलं जाऊ लागलं. पण मूळ निरीक्षण त्याच्या तीनशे वर्षं आधीचं आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे कापडव्यापारी अंतोनी फान लेवेनहूक यांनी १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव आहेत, असं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. व्हिनेगरने दात धुतल्यावर थराच्या बाहेरच्या अंगाचे जीव मरतात, आतले तसेच राहतात, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. बाटलीत व्हिनेगर ओतून ती रात्रभर ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे निरीक्षण ध्यानात घ्यावं. औषध वरच्या पापुद्र्याशी लढतं आणि तिथेच खर्ची पडतं. थर जुना झाला असेल, तर त्यातले जिवाणू मोकळ्या जिवाणूंच्या कित्येक पट, काही वेळा शेकडो पट जास्त मात्रा सोसतात. दातांच्या बाबतीत आपल्याला हे कळलेलं आहे. नुसती चूळ भरून कोणी दात घासल्याचं समाधान मानत नाही. थर मोडायचा तर तो घासूनच मोडावा लागतो.

‘पण माझ्या बाटलीत साधं पाणी असतं, त्यात काय वाढणार?’ हा पहिला आक्षेप आणि तो रास्त वाटतो. जिवाणूंना अन्न लागतं आणि शुद्ध पाण्यात ते नसतं. पण सायकलच्या बाटलीत शुद्ध पाणी फक्त पहिल्या घोटापर्यंत असतं. ही बाटली मऊ पॉलिथिनची असते, एका हाताने दाबली की पिचकारी उडावी म्हणून. दाब सोडला की ती पुन्हा फुगते आणि फुगताना हवा आत ओढते. ती हवा येते तोटीतूनच, आणि तोटीवर त्या क्षणी जे काही असेल, म्हणजे लाळ, घाम, धूळ, चिखलाचा थेंब, ते तिच्याबरोबर आत जातं. कडक बाटलीतही थोडी लाळ परत जाते, पण मऊ बाटलीची घडणच अशी, की प्रत्येक घोटाला ती बाहेरचं थोडं आत घेते. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंची संख्या साधारण दहा कोटींच्या घरात असते. शिवाय लाळेत प्रथिनं असतात, अन्नाचे कण असतात. म्हणजे बियाणं आणि खत दोन्ही आपणच पुरवतो.

त्यात आपल्याकडच्या घराघरांतलं पाणी. भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) आयएस १०५०० या मानकानुसार नळाच्या पाण्यात शेवटपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरायला हवा. हा उरलेला क्लोरिन पुढे भांड्यात, बाटलीत काही काळ पहारा देतो. आरओ यंत्रातला कार्बनचा फिल्टर हा क्लोरिन काढून टाकतो. तेच त्याचं काम, पडद्याला क्लोरिन बाधतो म्हणून. नळातून बाहेर पडलेलं आरओचं पाणी चांगलं असतं, पण पुढे त्याला स्वतःचं संरक्षण नसतं. उष्ट्या तोटीतून त्यात जिवाणू गेले, तर ते रोखायला काहीही शिल्लक नसतं. म्हणून ‘आमच्याकडे आरओचं पाणी आहे’ हे बाटली न घासण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट ती अधिक काळजीने घासायला हवी.

आणि साधं पाणी किती जण वापरतात? लांबच्या राइडला एका बाटलीत पाणी, दुसरीत इलेक्ट्रॉल, ग्लुकोज, लिंबू-मीठ-साखर किंवा विकतची पावडर, ही आता सर्रास रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रानुसार केलेल्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. सायकलस्वारांच्या पेयांत साखर त्याच्या चौपट-पाचपट असते. ओआरएसच्या पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेकून द्या. ही सूचना आजारी मुलाच्या उशाशी झाकून ठेवलेल्या भांड्याला लागू आहे. चाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या, शंभरदा तोंड लागलेल्या बाटलीला ती किती कडकपणे लागू व्हायला हवी, हे उघड आहे. लिंबाच्या आंबटपणाने जिवाणू दबतात हे खरं, पण यीस्ट आणि बुरशी आंबट-गोड पाण्यात सुखाने वाढतात. सरबताची बाटली बॅगेत विसरून दुसऱ्या दिवशी उघडली की फस्सकन हवा सुटते आणि आंबूस वास येतो, तो यीस्टचाच. काळे ठिपके बुरशीचे. झाकणाच्या फटीत सुकून चिकटलेली साखर ही दोघांचीही शिदोरी.

वेळेचा मुद्दा इथे येतो. उत्तम अन्न आणि शरीराइतकं तापमान मिळालं, तर ई. कोलाय हा जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने आठ तासांत एकाचे दीड कोटींहून अधिक होतील. बाटलीत अन्न इतकं मुबलक नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात वेग बराच कमी असतो. हा आकडा घाबरवण्यासाठी वापरू नये. पण त्यातली वाढीची चाल खरी आहे. सुरुवातीच्या तासांत पृष्ठभागाला चिकटलेले जीव थोडे आणि सुटे असतात, साबणाच्या एका हाताने निघून जातात. संध्याकाळपर्यंत त्यांनी चिकट द्रव्य सोडायला सुरुवात केलेली असते. पुढच्या रविवारी बाटली हातात घेतली जाते तेव्हा काम दसपट झालेलं असतं. सकाळी राइडवरून आल्यावर सायकल पुसायची, चेनला तेल द्यायचं, बाटली मात्र फ्रेमवरच्या केजमध्येच राहू द्यायची, ही सवय सगळ्यात महागात पडते.

आता दुसरा, जास्त वजनदार आक्षेप. ‘इतकी वर्षं लोक सायकल चालवतायत, मळक्या बाटलीने कोण आजारी पडलंय?’ इथे प्रामाणिक राहायला हवं. निरोगी माणसाने स्वतःचीच बाटली वापरली, तर तिच्यातले बहुतेक जिवाणू त्याच्याच तोंडातले असतात, आणि ते रोज पोटात जातातच. केवळ या थरामुळे साथ आल्याची उदाहरणं दाखवता येणार नाहीत. काळी बुरशी दिसली म्हणून दवाखान्यात धावायची गरज नाही. पण एवढ्यावर आक्षेप पुरा होत नाही. जोराच्या, लांब व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं आणि आतड्यांचा वाटा निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. आतड्यांचं अस्तर एरवीपेक्षा जास्त पाझरू लागतं. सायकलस्वाराचं पोट राइडमध्ये बिघडतं तेव्हा दोष जेलला, उन्हाला किंवा ढाब्यावरच्या मिसळीला दिला जातो, आणि पुष्कळदा तो योग्यही असतो; बाटलीचा वाटा किती होता हे मागाहून ठरवायची सोय नसते. शिवाय बाटली नेहमी एकाच्याच तोंडाला लागते असंही नाही. गटात कोणाचं पाणी संपलं की बाटल्या फिरतात. आणि आक्षेपाचं तिसरं, सगळ्यात ठोस उत्तर बाटलीच्या आत नाही, बाहेर आहे.

२००७च्या जून महिन्यात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरी सायकलींची एक शर्यत चिखलात पार पडली. नंतर ५३७ स्पर्धकांपैकी २२५ जणांनी जुलाब झाल्याचं सांगितलं, म्हणजे दर पाचांत दोघांनी. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तपास करणाऱ्यांना आधी पाण्यावर संशय होता. पण सगळे घटक एकत्र मांडून पाहिल्यावर तोंडात गेलेला चिखल हेच कारण ठळकपणे पुढे आलं. पुढच्याच वर्षी, २००८च्या जुलैमध्ये, वेल्समधल्या बिल्थ वेल्सच्या शर्यतीनंतर दीडशेहून अधिक सायकलस्वार आजारी पडले. पावसाने भिजलेला माग मेंढ्यांच्या कुरणांतून जात होता, आणि तिथेही बोट चिखलाकडेच गेलं. हा जिवाणू जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या आतड्यांत राहतो. साध्या हवेत तो वाढत नाही, तीस अंशांखाली वाढत नाही. म्हणजे बाटलीत त्याची पैदास होण्याची भीती नाही. भीती आहे ती त्याच्या अत्यल्प मात्रेची. १९८१ साली एका ब्रिटिश डॉक्टरांनी दुधातून सुमारे ५०० जिवाणू स्वतः पिऊन पाहिले आणि ते आजारी पडले. पाचशे जिवाणू सामावायला शेणाचा डोळ्यांना न दिसणारा शिंतोडाही पुरतो.

सायकलवर बाटली कुठे बसते ते पाहिलं की धोका लगेच कळतो. फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, पुढच्या चाकाच्या बरोबर मागे. मडगार्ड नसलेलं चाक रस्त्यावरचं पाणी उडवतं ते थेट तोटीवर. कॅनडातला किंवा वेल्समधला चिखल आपल्यापासून दूर आहे. पण जुलै महिन्यात ताम्हिणीकडे, माळशेजकडे किंवा कोकणातल्या कुठल्याही गावरस्त्याने सकाळी निघालं की रस्त्यावर गाईम्हशींचं शेण आणि त्यावरून वाहणारं पाणी असतंच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते; उंदरांच्या, गुरांच्या मुतातून साठलेल्या पाण्यात उतरणारा हा जिवाणू खरचटलेल्या कातडीतून, तसाच डोळ्यांच्या आणि तोंडाच्या ओलसर अस्तरातूनही शिरतो. आणि कॅम्पिलोबॅक्टरचं नाव तर पुणेकरांच्या चांगलंच लक्षात आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकामागून एक सापडू लागले. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही दगावले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. या साथीचा सायकलींशी काही संबंध नव्हता, आणि तसा जोडूही नये. पण पहाटे खडकवासल्याकडे, सिंहगडाच्या चढाकडे निघणारे पुण्याचे सायकलस्वार ज्या रस्त्याने जातात तो हाच. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकाला पुढे जीबीएस होतो, ही जगभरची नोंद आहे. या जिवाणूला ‘जुलाबच ना’ म्हणून सोडून देण्याचे दिवस त्या जानेवारीत संपले.

म्हणून पावसाळ्यात बाटलीच्या आतल्यापेक्षा तोटीचा बाहेरचा भाग आधी सांभाळायला हवा. तोटीवर बसणारं टोपण असलेली बाटली मिळते; पावसाळ्यापुरती तरी तीच घ्यावी. पुढच्या चाकाला मडगार्ड लावावं. गावकीच्या रस्त्यावरून जायचं असेल, तर बाटली हँडलजवळच्या छोट्या पिशवीत ठेवावी. तिथे चाकाचा फवारा पोचत नाही. पिण्याआधी पहिली पिचकारी रस्त्यावर सोडावी, तोटीवरून वाहून जाऊ द्यावी. आणि तोंड न लावता वरून पाणी पिण्याची जी सवय आपल्याकडे लहानपणीच लागते, ती मऊ बाटलीला अगदी साजेशी आहे: दाबा, पिचकारी तोंडात घ्या, आणि बाटली तोंडापासून दूर, उभी धरून मग दाब सोडा. त्यामुळे आत जाते ती नुसती हवा. चालत्या सायकलवर हे जमायला थोडा सराव लागतो. रहदारीत नजर रस्त्यावर ठेवून तोटी ओठांत धरणंच सुरक्षित असेल, तर तसंच करावं.

घरी आल्यावरचं काम पाच मिनिटांचं आहे. उरलेलं पाणी लगेच ओतून द्यायचं, ते ‘चांगलं आहे’ म्हणून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. झाकण, तोटी, चकती, रबरी वायसर असे जितके भाग सुटे होतील तितके करायचे. बोटाला सहज सोसेल इतकं कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब. पोटासाठी लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश. तोटीच्या आतल्या बोळासाठी स्ट्रॉ साफ करायचा बारीक ब्रश, आट्यांसाठी जुना टूथब्रश. तारेची घासणी किंवा वाळू-राख नको. मऊ प्लास्टिकवर ओरखडे उठतात आणि थर पुढच्या वेळी तिथेच घट्ट बसतो. काही कंपन्या आतल्या भिंतीवर सिलिकाचा पातळ थर देतात, त्याने डाग आणि वास कमी धरतात; पण झाकणाला त्याचा उपयोग नाही, आणि अडचण झाकणाचीच आहे. धुऊन झाल्यावर परीक्षा बोटाने घ्यावी, डोळ्यांनी नाही: तोटीच्या बुडाशी बोट करकरलं तर साफ, घसरलं तर नाही. यात नवं काहीच नाही. मराठी घरांत रोज सकाळी शिळं पाणी ओतून हंडा-कळशी आतून हाताने घासल्याशिवाय ताजं पाणी भरत नसत, मग ते पाणी कितीही नितळ दिसो. बाटलीला तोच नियम लावायचा आहे. फरक एवढाच, की कळशीत अख्खा हात जात असे आणि इथे तोटीच्या बोळात बोटही जात नाही, म्हणून ब्रश.

औषधांना जागा आहे, पण ती घासल्यानंतरची. व्हिनेगर पांढरे क्षार विरघळवायला चांगलं. सोलापूर-मराठवाड्याकडच्या बोअरच्या पाण्याने बाटलीत जो खरखरीत पापुद्रा धरतो, तो त्याने सुटतो. खायचा सोडा वास काढतो. पण दोन्ही एकत्र ओतून उसळणारा फेस पाहून जे समाधान मिळतं, ते फोल आहे: आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, उरतं ते सोडियम ॲसिटेटचं निरुपद्रवी पाणी. एक दिवस हे, दुसऱ्या दिवशी ते वापरावं. खरं जंतुनाशक म्हणजे क्लोरिन, आणि तो आपल्याला अनोळखी नाही. गावोगावच्या ग्रामपंचायती पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर आणि घरात थेंब-थेंब टाकायचं मेडिक्लोर, दोन्ही क्लोरिनचीच रूपं. पाणी साठवायच्या भांड्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलेलं प्रमाण बाटलीलाही चालतं: साबणाने घासून झाल्यावर साधारण लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा बिनवासाचं घरगुती ब्लीच, ते सगळीकडे लागेल असं हलवून निदान अर्धा मिनिट ठेवायचं, मग ओतून चांगल्या पाण्याने विसळायचं. पंधरवड्यातून एकदा हे पुरे. घासल्याशिवाय ब्लीच टाकलं, तर ते चिकट थराशीच झुंजत संपतं आणि आतल्या जिवाणूंपर्यंत पोचत नाही. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र चुकूनही एकत्र करू नये, त्यातून क्लोरिनचा विषारी वायू सुटतो. कवळी भिजवायच्या फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या न निघणाऱ्या तोटीसाठी उपयोगी. त्यांचा फेस ब्रश न पोचणाऱ्या फटीत शिरतो. फ्रीजरचा उपाय सोडून द्यावा. गोठवल्याने जिवाणूंची वाढ थांबते, बहुतेक मरत नाहीत, आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात.

‘मग उकळतं पाणी ओतलं की झालं’, असंही म्हटलं जातं. स्टीलच्या भांड्याला हे लागू पडतं, या बाटलीला नाही. ती बहुधा कमी घनतेच्या पॉलिथिनची असते. उकळत्या पाण्यात ती मऊ पडते, आकार बिघडतो आणि मग झाकणाचे आटे नीट बसत नाहीत. उष्णतेबद्दल दुसरी सावधगिरीही आहे. २०२२ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या सेलिना टिस्लर आणि यान क्रिस्टेन्सन यांनी खेळाडू वापरतात तशा मऊ प्लास्टिकच्या बाटल्यांत २४ तास ठेवलेलं नळाचं पाणी तपासलं. प्लास्टिकमधून आलेले चारशेहून अधिक पदार्थ त्यात सापडले; डिशवॉशरमधून काढलेल्या बाटल्यांत साबणाचे म्हणून साडेतीन हजारांहून अधिक. यांतल्या बहुतेकांचा शरीरावर काय परिणाम होतो हे माहीत नाही, असं संशोधकांनीच सांगितलं, त्यामुळे या आकड्यांवरून विषबाधेची हाकाटी करणं बरोबर नाही. पण दिशा स्पष्ट आहे: मऊ प्लास्टिकला जास्त उष्णता आणि जहाल साबण नको, आणि पाणी त्यात दिवसरात्र भरून ठेवायला नको. काही जण या अभ्यासाचा आधार घेऊन म्हणतील, की धुणंच कमी करा. त्यातून निघतं ते नेमकं उलट. कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने घासणं, भरपूर विसळणं आणि राइडच्या आधीच ताजं पाणी भरणं, या रीतीने जिवाणू आणि रसायनं दोन्ही कमी होतात.

उरतं ते वाळवणं, आणि सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. ऊन जंतू मारतं हे आपण मानतोच, आणि ते खोटं नाही. १९८० साली बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले आफ्तिम आक्रा आणि त्यांचे सहकारी ओआरएसचं पाणी उन्हात ठेवून निर्जंतुक कसं होतं ते दाखवत होते. त्यातूनच पुढे पारदर्शक पीईटी बाटल्या सहा तास कडक उन्हात ठेवण्याची पद्धत जगभर गेली. पण ती पद्धत पारदर्शक बाटलीची आणि नितळ पाण्याची आहे. रंगीत, दुधट भिंतीतून किरण पुरेसे आत जात नाहीत, झाकणाच्या फटीत तर मुळीच नाही, आणि चिकट थर स्वतःच सावली धरतो. सायकलची बाटली उन्हात ठेवावी ती वाळण्यासाठी. झाकण लावून ठेवलेली बाटली कधीच वाळत नाही. ओट्यावर पालथी, तोंड टेकवून ठेवलेलीही नाही, आतली वाफ आतच राहते. ती तिरकी किंवा खुंटीला उलटी, खालून हवा जाईल अशी ठेवायची. तोटी, चकती, वायसर ताटलीत सुटे. एप्रिलमध्ये विदर्भात तासाभरात सगळं खडखडीत होतं. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत रात्रभरातही होत नाही, आणि याच महिन्यांत काळे ठिपके येतात. त्यावर उपाय दोन बाटल्यांचा: एक आज, दुसरी उद्या, म्हणजे प्रत्येकीला वाळायला जवळजवळ दोन दिवस. भाग जोराने झटकावेत, स्वच्छ फडक्याने टिपावेत, पंख्याखाली ठेवावेत.

प्लास्टिकच सोडून तांब्याची बाटली का नको, असा प्रश्न मराठी वाचक विचारणार, आणि तो विचारायलाच हवा. २०१२ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात पटकीचे, हगवणीचे जिवाणू उरत नाहीत असं दाखवलं होतं. पण तो प्रयोग रात्रभर स्थिर ठेवलेल्या साध्या पाण्याचा. लिंबू, सायट्रिक आम्ल, मीठ असलेलं पेय तांब्यात ठेवलं तर तांबं नको तितकं विरघळतं. बाटली दाबता येत नाही, आणि झाकणाची फट तांब्याची नसते. ऑफिसला सायकलने जाणाऱ्याने स्टीलची रुंद तोंडाची बाटली घ्यावी, ती उकळता येते आणि आत हात जातो. सिग्नलला थांबून प्यायचं असेल तर तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. चालत्या सायकलवर एका हाताने प्यायचं असेल, तर मऊ बाटलीला आज तरी पर्याय नाही. पॅकबंद पाण्याची बाटली केजमध्ये कोंबून महिनोन्‌महिने वापरणं हा तर वाईटात वाईट मार्ग: तोंड इतकं अरुंद, की ब्रशच जात नाही.

‘व्यावसायिक स्पर्धक रोज नवी बाटली घेतात’ हे खरं, पण त्यामागे संघाची गाडी असते आणि स्वस्तात छापलेल्या हजारो बाटल्या. एप्रिल २०२१ मध्ये जागतिक सायकल संघटनेने ठरलेल्या पट्ट्याबाहेर बाटली फेकण्यावर बंदी घातली आणि काही दिवसांतच टूर ऑफ फ्लँडर्समध्ये स्विस स्पर्धक मिखाएल शेर यांना रस्त्याकडेच्या प्रेक्षकांना बाटली दिल्याबद्दल शर्यतीतून काढलं गेलं. मोठा गदारोळ झाला, शिक्षा सौम्य करावी लागली. पण या खेळात बाटली ही फेकायची वस्तू होऊन बसली आहे, हे त्या निमित्ताने सगळ्यांना दिसलं. मार्च २०१८ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी असलेल्या आपल्या राज्यात ती रीत उचलण्यासारखी नाही. बाटलीचं पोट नीट वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं. आधी जातं ते झाकण. सिलिकॉनमध्ये आतवर रुजलेली बुरशी घासून निघत नाही, तेव्हा चकती किंवा झाकण बदलावं. परदेशात काही कंपन्या सुटी झाकणं, सुट्या तोट्या विकतात. आपल्या सायकलच्या दुकानांतही त्या टायर-ट्यूबसारख्या मिळायला हव्यात, आणि जी तोटी निघतच नाही ती बाटली गिऱ्हाइकाने घेऊच नये. पोट टाकून द्यायची वेळ येते ती आतून ओरखडे पडल्यावर, किंवा घासून, वाळवूनही वास जात नाही तेव्हा.

सगळ्यात कठीण परिस्थिती ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ब्रेव्हे चांगल्या रुजल्या आहेत. ६०० किलोमीटरला ४० तासांची मुदत असते; एवढ्या वेळात त्याच दोन बाटल्या दहा-बारा वेळा भरल्या जातात, ढाब्याच्या नळावर, हातपंपावर, जारच्या पाण्यावर, आणि मध्ये एकदाही धुतल्या जात नाहीत. पंढरपूरच्या सायकलवारीतही हेच घडतं. अशा वेळी साखरेचं पेय एकाच बाटलीत ठेवावं, दुसरीत फक्त पाणी, म्हणजे धुवायची गरज एकीपुरती राहते. ते पेयही पुन्हापुन्हा वरून भरत न बसता संपवून, विसळून मगच नवं करावं. खिशात स्ट्रॉचा बारीक ब्रश मावतो. आणि आयोजकांनी रात्रीच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठाण्यावर, जेवणाच्या टेबलाशेजारी वाहत्या पाण्याचा नळ किंवा पिंप, भांड्यांचं लिक्विड आणि बाटलीचे चार ब्रश ठेवावेत. त्याला खर्च नगण्य आहे. स्वयंसेवकाला एवढंच सांगावं लागेल, की बाटली भरून देण्याआधी झाकण सुटं करून मागायचं.